देवाघरी म्हणजे कुठल्या देवळात?

बालवाडीत एक किस्सा सांगून होईपर्यंत पोरं दुसरा तयार ठेवतात. पंचवटीतल्या आमच्या बालवाडीचे हसायचे किस्से मी सगळ्यांना सांगते. हे मात्र ऐकले की समोरचा हातातला कप खाली ठेवतो.

सुरुवात फिशटँकमधल्या माशाने केली. एका सकाळी तो उलटा तरंगत होता. आमच्या मदतनीस मंगलमावशी म्हणाल्या, "ताई, पोरं यायच्या आत दुसरा आणून टाकते." मी नको म्हटलं. पोरांना स्पष्ट सांगितलं, "मासा मेला. आता तो परत येणार नाही."

मग शौर्यने हात वर केला.

"ताई, आता नंबर कोणाचा?"

*

आरोहीची आजी वारली. घरच्यांनी सांगितलं, "आजी देवाघरी गेली." पुढच्याच आठवड्यात आईचा हात सोडून आरोही गायब! भाजीबाजार पालथा घातला, रिक्षावाले शोधायला धावले. शेवटी पोरगी सापडली एका देवळात, पुजाऱ्यांशी हुज्जत घालताना.

"अहो, आजीला बाहेर पाठवा ना! मी बाकीच्या देवळांत पण बघून आले!"



*

वेदांतचे आजोबा गेले, तेव्हा बाबांनी "आजोबा झोपलेत" असं सांगून टाकलं. झालं! बाबांचा दुपारी जरा डोळा लागला, की हा बोटांनी त्यांच्या पापण्या उघडायचा. एकदा ते चिडले, तर हा रडतच म्हणाला, "झोपू नका ना! तुम्हाला पण बांधून नेतील!"

*

शेवटी मी पालकसभाच घेतली. "मुलांना 'मेले' असंच सांगा," म्हटल्यावर एक आजी उसळल्या, "लेकरांपुढं असलं अभद्र बोलायचं नाय बाई!"

मांडीवरच्या नातवाने मान वर केली. "आजी, तू कधी मरशील?"

आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माहीत नाय रे बाळा. पण आज नाय. आज तुला थालीपीठ करायचंय."

*

स्वराच्या आईला बाळ होणार होतं. ते जन्मलं मेलेलंच. घरात कोणी त्याचं नावही काढेना. एक दिवस वर्गात मी स्वराची सुटलेली वेणी घालत होते.

"ताई, बाळ माझ्यामुळे मेलं."

"असं का वाटतं तुला?" मी विचारलं.

"मी आईला म्हटलं होतं, मला बाळ नको."

मी तिला समोर घेतलं. "स्वरा, असं बोलल्याने कोणी मरत नाही. तुझ्यामुळे नाही झालं ते."

"नक्की?"

"अगदी नक्की."

शाळा सुटल्यावर आई न्यायला आली. मी तिला आत बोलावून सगळं सांगितलं. पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसून ती हमसून हमसून रडायला लागली. "ताई, घरात सगळे मलाच विचारतात हो. काय खाल्लंस, कशाला धावपळ केलीस..."

स्वराने दप्तर खाली टाकलं. आईच्याच ओढणीने तिचं तोंड पुसलं.

"आई, तुझ्यामुळे पण नाही गं."