मामांची हाक

माझ्या बायकोच्या मामांइतक्या जोरात हाक मारणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर मामांच्या आवाजापुढे तो अजून कोणाला ऐकू गेलेला नाही. कुठेही जायचं झालं की दाराबाहेर थांबायचं, चपला काढायच्या, मान वर करायची आणि "होऽऽऽ, मी येऊन राह्यलो बरं काऽऽ!" अशी आरोळी ठोकायची, हा त्यांचा नेम. आतून "या" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. अकोल्याला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मामा खालच्या फाटकातूनच ओरडतात आणि आम्ही दार उघडेपर्यंत सगळ्या गॅलऱ्यांतून लोक "या, या" करून मोकळे झालेले असतात. पण ते "या" मामांना चालत नाही. ज्याच्याकडे जायचं त्याचंच उत्तर हवं. देवळात देव बोलत नाही म्हणून पुजाऱ्याला गाभाऱ्यातून "या" म्हणावं लागतं. दवाखान्याच्या दाराशी एकदा असे ओरडले की आतल्या बाईंचा रक्तदाब डॉक्टरांना पुन्हा मोजावा लागला. एटीएमपुढे हाक देऊन तर ते तसेच परत आले होते. म्हणाले, "आत कोनीच नाई. पैसे कोनाले मांगाव?" स्वतःच्या घरीही तीच तऱ्हा. मामींचं दूध उतू जात असलं तरी आधी "या" म्हणायचं, मग गॅस बंद करायचा. त्यांची भाचेमंडळी आणि मी त्यांची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसायचो.

ते हसू एका हिवाळ्यात बंद झालं. कारंज्याला एका नातलगाच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, जेवण उरकून मी मामांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांच्या गावी, इंझोरीकडे निघालो होतो. मामांना जवळच्या वाटेचा भारी सोस, म्हणून त्यांनी सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या कडेची कच्ची वाट धरली. तिथे गाडी जी बंद पडली, ती काही केल्या चालू होईना. अंधार मिट्ट, मोबाइलला रेंज नाही. गवत कमरेएवढं. लांब, शेतात कुठेतरी एक पिवळा दिवा तेवढा दिसत होता. आम्ही गाडी तिथेच सोडून त्या दिव्याच्या रोखाने निघालो. मी मोबाइलचा उजेड पुढे टाकला तर गवतात डोळेच डोळे चमकले. काळविटांचा कळप! मला लहान पोरासारखा आनंद झाला. पण आमची चाहूल लागली आणि सगळा कळप उधळून दिव्याच्या दिशेने गेला.

पुढच्या क्षणी तिकडे निळा जाळ चमकला. एक किंकाळी आली, आणि मागोमाग जळक्या केसांचा वास.

मी धावलोच. मामांनी मागून माझी कॉलर पकडली.

"पाय उचलू नोका, जवाईबुवा! तारीत करंट हाय."

मग त्यांनी ती नेहमीची हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. दिवा तसाच, शेत गप्प. हाकेमागून हाक देऊन आवाज फाटला तरी ते थांबेनात, आणि माझी कॉलरही सोडेनात. मला थंडी वाजत होती, भीतीही वाटत होती. मी म्हणालो, "मामा, तार दिसली तर खालून वाकून जाऊ ना." त्यावर मामांनी माझ्या मुस्काटात मारली. आमच्याकडे जावयाला नुसतं "अरे" म्हणायलाही कोणी धजत नाही.

शेवटी शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून झोपेतला आवाज आला, "कोन होय?"

"आंदी आकडा काढ! मंग बोल!"

"काढला."

"पुन्ना पाहून घे!"

"काढला, काका. या."

शेतकरी बॅटरी घेऊन पुढे आला, तेव्हा कळलं की तार माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. तारेला एक मादी चिकटून पडली होती. "रोही आन् डुकरायनं हरभरा ठेवला नाई, काका," तो रडवेला होऊन म्हणाला. "नुसता झटका देनारं मशीन महाग म्हून खांबावर आकडा टाकला. कोनाले सांगू नोका."

मामा मादीजवळ खाली बसले. तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"माहा लहान भाऊ होता," ते म्हणाले. "मी माळ्यावर जागली कराले जाओ, थो डबा घिऊन ये. येताना गानं म्हनत ये. त्याचं गानं आलं का मी आकडा काढो. त्या दिवशी त्याचा घसा बसला होता. आवाजच नोता त्याले. मी जागाच होतो, बाप्पा. गान्याची वाट पाहून राह्यलो होतो."

शेतकऱ्याने बॅटरी खाली केली. मग मामा उठले, त्यांनी त्याच्याकडून पकड मागून घेतली आणि ती तार स्वतःच्या हाताने सगळ्या धुऱ्याभोवती, शेताच्या बांधाबांधाने फिरून तोडली. त्या माणसाने अडवलं नाही.

तिथून पायीच आम्ही इंझोरीला मामांच्या घरी पोहोचलो. मामांनी अंगणात उभं राहून हाक दिली. मामींनी "या" म्हटलं. त्या रात्री मी ते "या" पहिल्यांदा नीट ऐकलं.

आता मामांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावायला ते तयार नाहीत, त्यात सारखी घरघर होते म्हणतात. हाक मात्र तशीच, उलट वाढलेलीच आहे. अकोल्याला आले की फाटकात चपला काढून ओरडतात, गॅलरीतून आम्ही सगळे "या" म्हणतो, आणि मामा हलत नाहीत. मान वर करून उत्तराची वाट पाहत उभे राहतात. मग मी तीन जिने उतरून खाली जातो आणि त्यांचा हात धरतो. तेव्हा कुठे ते आत पाऊल टाकतात.