ताटातलं नाव

लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. पेढे वाटले, टाळ्या झाल्या. मी म्हटलं, जाऊ दे, घरात हाक मारण्यापुरतं असू दे. पासपोर्टवर मात्र वडिलांनी ठेवलेलंच नाव राहिलं आणि त्याच नावाने मी आखातात, अल ऐनला आले.

तिथे मुलगी झाली. हॉस्पिटलच्या काउंटरवर आईचं नाव विचारलं, आणि आमच्या ह्यांनी मोठ्या झोकात ताटातलं नाव सांगितलं! जन्मदाखल्यावर तेच छापून आलं. म्हणजे कागदोपत्री माझी पोर भलत्याच बाईची.

हे कळलं पोरीच्या पासपोर्टच्या वेळी. आपल्या दूतावासाचे लोक अधूनमधून शुक्रवारी अल ऐनला येत, एका हॉलमध्ये टेबलं मांडून बसत. इकडे साताऱ्याला बाबा अंथरुणाला खिळलेले. नातीला एकदा दाखव, एवढंच फोनवर म्हणायचे.

टेबलामागच्या साहेबांनी माझा पासपोर्ट आणि पोरीचा जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले. ''मॅडम, या तो हॉस्पिटल से सर्टिफिकेट ठीक करवाइए, उसमें टाइम लगेगा. या पासपोर्ट में अपना नाम बदल लीजिए. वो जल्दी होगा.''

''कर ना सही,'' हे म्हणाले. ''घरात तेच नाव आहे नाहीतरी. बाबांना भेटायचंय की नाही तुला?''

माझं डोकंच फिरलं. ''त्यांनी ठेवलेलं नाव खोडून त्यांनाच भेटायला जाऊ? चूक तुमची आणि नाव बदलायचं मी? तुमचं बदला ना! सुचवते मी एक झकास!''

मागे रांगेत बांधकामाच्या साइटवरची आपली कोकणातली माणसं होती, ती खो खो हसली. ''वैनी, बरोबर बोललात!'' असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग रोज पोरीला कडेवर घेऊन हॉस्पिटल. तिथला माणूस म्हणायचा, उद्या, इन्शाल्ला. मीही इन्शाल्ला म्हणायचे आणि समोरच्या बाकावर ठाण मांडून बसायचे. घरी फोन वाजला की आधी नंबर साताऱ्याचा आहे का ते बघायचे. बाबा तेवढ्यात गेले असते तर मी जन्मभर स्वतःला खात बसले असते. तरी सही केली नाही. का करू?

शेवटी तो माणूस कंटाळला आणि दाखला दुरुस्त करून मिळाला. पुढच्या खेपेला दूतावासाच्या लोकांनी पासपोर्टचे कागद घेतले, पासपोर्ट आला आणि आम्ही निघालो.

बाबांनी आधी नातीला पोटाशी घेतलं. मग चष्मा मागितला. पोरीच्या पासपोर्टचं शेवटचं पान काढून आईच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. किती दिवसांनी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं मी!

''राखलंस गं,'' म्हणाले.

''मग! खोडायची कुणाची बिशाद आहे?'' असं म्हटलं, आणि तिथेच भोकाड पसरलं.