पाय लावण्याआधी

तंबोऱ्याच्या तारा घ्यायला गेले होते. दुकानात पन्नाशीच्या एक बाई मांडीवर बेस गिटार घेऊन बसल्या होत्या. दुकानदारानं पायानंच एक छोटी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. तो पेडल होता. दाबला की गिटारचा आवाज बदलतो. बाईंनी चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

"वाद्याला पाय कसा लावू?" त्या पुटपुटल्या.

"ताई, हे पायानंच वाजवायचं असतं," दुकानदार हसला.

त्यांनी वाकून पेडलला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मग पायानं बटण दाबलं. खर्जातला साधा सूर एकदम जाड, खरखरीत झाला. काचेचं कपाट थरथरलं. बाईंचा चेहरा असा उजळला, की मी तारा मागायच्या विसरले.

नवं काही शिकायचं तर जुनं आधी सोडावं लागतं, या समजुतीपायी मी कितीतरी गोष्टी नुसत्या लांबून पाहिल्या. या बाई मात्र सगळं बरोबर घेऊनच निघाल्या होत्या.

"आता जरा घुमणारा दाखवा ना," त्या म्हणाल्या.

दुसरा पेडल दुकानदारानं वाकून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला.