मामांचा धूर

कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा धूर शोधणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अकोटच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून ते अकोल्याला मुलाकडे राहायला आले, पण शिकवणं काही सुटलं नाही. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी, ते कुठे बनलं हे बघायला ते त्याच्या घड्याळाची पाठ वाचत. माझ्या मेहुणीला पाहायला तिवस्याहून मुलगा आला, तेव्हा मामांनी भर बैठकीत त्याची कॉलर उलटी केली, आतली पट्टी वाचली आणि जाहीर केलं, "बापू, शर्ट तुमचा, पन धूर बांगलादेशचा!" तरीही मुलाने होकार दिला, हा त्याचा मोठेपणा. मामांचं म्हणणं असं, की व्यापार वाढला की धूर वाढतो. माल बोटीत बसून परदेशी जातो, धूर मात्र बनवणाऱ्याच्या डोक्यावर राहतो आणि वर जगभर बदनामीही त्याचीच होते. हल्ली ते कोणाची कॉलर उलटी करत नाहीत. मला ते बघवत नाही.

त्यांचा मुलगा विनोद घरामागच्याच कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. कोळशाचा बॉयलर, आणि कापड सगळं परदेशी जाणारं. उन्हाळ्यात मामी गच्चीवर कुरडया घालत, त्यावर काजळी पडे, म्हणून मामा स्वतः जुनं लुगडं आणून त्या झाकत. शेजारच्या काकू एकदा तणतणत आल्या, "मास्तर, तुमच्या पोराच्या धुरानं आमच्या कुरडया काळ्या झाल्या!" मामा शांतपणे म्हणाले, "वहिनी, धूर माह्या पोराचा नाही. तिकडं जो शर्ट घालून राहिला, त्याचा हाय." एवढ्यावर न थांबता त्यांनी त्यातली एक काळी कुरडई डब्यात भरली आणि थेट पोस्ट गाठलं. कारखान्याचं कापड ज्या परदेशी दुकानात जाई, त्याला पार्सल करायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आत काय हाय?" मामा म्हणाले, "त्यायची वस्तू. इथंच राहून गेली." पार्सल अर्थातच गेलं नाही. कुरडई आम्ही तळून खाल्ली.

मग एके वर्षी त्या परदेशी दुकानालाच उपरती झाली. कोळशावर रंगवलेलं कापड नको, असं त्यांनी कळवलं. नवा बॉयलर मालकाला झेपला नाही, ऑर्डरी गेल्या, कारखान्याला कुलूप लागलं. विनोद बायकोमुलांसकट सुरतेला गेला, तिथेही कोळशाच्याच बॉयलरवर. आकाश निवळलं म्हणून गल्ली खूश झाली. मामा मला एवढंच म्हणाले, "धूर कुठी बंद झाला? पोरासंगं सुरतले गेला." फोनवर ते विनोदला अजून विचारतात, वारा कोणत्या बाजूचा आहे, नातवाच्या खिडकीकडे तर येत नाही ना.

यंदा उन्हाळ्यात मी गेलो, तर गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया. मामा लुगडं घेऊन वर आले आणि सावकाश झाकू लागले.

"मामा, आता कुठली काजळी?"

"मले काय माहीत नाही?" ते कारखान्याच्या थंड चिमणीकडे न बघता म्हणाले. "पन उघड्या ठेवल्या का मंग पोरगं गेलं, असं खरंच वाटते."

लुगडं उडू नये म्हणून मामींनी कोपऱ्यावर एक दगड ठेवला.