स्पालझेसचं पेव

स्पालझेसला कुणाशी गोड बोलताना मी पाहिलं नाही. जन्मभर भिंतीला भिंत लागून राहिलो, तरी मला ती "ए पलीकडची" अशीच हाक मारायची. तिने लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर शेत आणि धाकटा भाऊ तुंडुप, दोन्ही तिनेच सांभाळलं. मग तुंडुपने खालच्या गावची कुंझेस बायको करून आणली आणि थोड्याच दिवसांत घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. शेतं वाटली, भांडी वाटली, दुभती झोमो गाय कुंझेसच्या वाट्याला गेली. पेव तेवढं वाटता येईना. ते अंगणाखाली एकच होतं, आणि त्याचं तोंड स्पालझेसच्या बाजूला.

बर्फ पडायच्या आधी दोघींचे बटाटे, गाजरं, सलगम त्याच पेवात मातीच्या थरांत जायचे. खिंड बंद झाली की वसंतापर्यंत तेच खायचं. गारठा आत शिरू नये म्हणून तोंड उघडायचं ते भर उन्हात, आणि हवं ते काढून लगेच पेंढा, घोंगडी, वर माती. कुंझेसला दर वेळी नणंदेला आचे, म्हणजे ताई, म्हणत मागायला जावं लागे.

"आचे, गाजरं हवी होती."

"परवाच नेलीस की. खातेस का उंदरांना घालतेस?"

त्या वर्षी लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, कुंझेसच्या माहेरची माणसं आली. थुक्प्याच्या रश्शात घालायला सलगम आणायला ती गेली, तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं.

"आता नाही उघडायचं," स्पालझेस म्हणाली.

"आचे, पाहुणे बसलेत."

"बसू देत. तुझ्या पाहुण्यांसाठी सूर्य थांबतो का?"

भिंतीपलीकडे कुंझेसची आई, भाऊ सगळे ऐकत होते. त्या रात्री पाहुण्यांनी नुसता सातूच्या पिठाचा थुक्पा खाल्ला. कुंझेसचा चेहरा मी पाहिला. रडली नाही ती.

पाहुणे गेले तसं तिने आपल्या गोठ्यातून पेवाच्या दिशेने खणायला घेतलं. जमीन दगडासारखी गोठलेली. शेणाच्या गोवऱ्या पेटवून ती माती मऊ करायची आणि पहारीने फोडायची. शेवटी पेवाची कूस फुटली. हवं ते काढून भोकात तिने पोतं कोंबलं. पोत्याने काय थंडी अडते?

स्पालझेस पुढच्या वेळी खाली उतरली ती ओरडतच वर आली. बटाटे गोट्यांसारखे टणटणीत झाले होते. चुलीपाशी आणले तर काळं पाणी सोडू लागले. गाजरांचाही चिखल झाला.

"सटवे, माझं पेव मारलंस!"

"तुझं? माझे बटाटे नव्हते त्यात? तेव्हाच उघडलं असतंस तर?"

तुंडुप गोंपात लामांची पूजा आहे म्हणून निघून गेला, तो चांगले चार दिवस.

स्पालझेसच्या छपरावर सलगमाचा वाळवलेला पाला होता. तो तिने कुंझेसला दिला नाही. कुंझेसने तिला लोण्याला बोट लावू दिलं नाही. एकीने बिनलोण्याचा पाला गिळला, दुसरीने बिनपाल्याचा सातू. मी मध्ये पडले, तर दोघींनी मलाच फैलावर घेतलं.

बर्फ वितळून जमीन सुटल्यावर स्पालझेसने आपल्या शेतात एकटीने नवं पेव खणलं. कुंझेसने गोठ्यामागे दुसरं. जुनं तसंच खचलं.

पुढे स्पालझेसच्या छातीत कफ धरला. ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तुंडुपच्या हाती कुंझेसने वाडगाभर थुक्पा पाठवला. मी तिथेच बसले होते. स्पालझेसने वाडगा नाकाशी नेला.

"हे सलगम तिच्या पेवातले."

"खा गं आचे, गरम आहे," तुंडुप म्हणाला.

तिने मला वाडगा दारातल्या कुत्र्यापुढे ओतायला लावला. मी ओतला. तुंडुप रिकामा वाडगा घेऊन गेला.

जर्दाळूला फूल यायच्या सुमारास ती गेली. क्रियाकर्माच्या जेवणाला गाव जमलं. स्पालझेसचं पेव अर्धं भरलेलं होतं. त्यातलंच काढू, असं मी सुचवलं.

"हात लावू नका," कुंझेस म्हणाली. "माझं अन्न तिने कुत्र्याला घातलं."

आणि साऱ्या गावाला तिने स्वतःच्या पेवातलं रांधून वाढलं. स्पालझेसचे बटाटे तिथेच मोड येऊन सडले.