भाऊची पानथरी

कमलवहिनीचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. "बाई, तुमचे भाऊ गेले," एवढंच ती आधी बोलली, मग बाकीचं सांगितलं. जेवून ओट्यावर टेकला होता, चहाला हाक मारली तर उठला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला रडू आलं. पण त्याच्या मागोमाग मनात जे आलं ते सांगायला आज पाच आठवड्यांनीही थोडी लाज वाटते. मला हायसं वाटलं. माझ्या भावाला त्या गाठीने नेलं नव्हतं.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचं घर मार्कंड्याजवळ, वैनगंगेत जाळी टाकून जगणारं. त्या घरातून तो मॅट्रिक झाला आणि मलेरियाच्या कामावर लागला. एटापल्ली, धानोऱ्याकडची गावं सायकलवर फिरायचा, तापकऱ्यांच्या बोटातून काचेवर रक्त घ्यायचा, गोळी गिळून होईपर्यंत समोरून हलायचा नाही. लेकरांना उताणं निजवून डाव्या बरगडीखाली हळूच बोटं दाबायचा. ताप अंगात मुरला की तिथली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते आणि हाताला लागते. अशी किती पोटं त्याने चाचपली असतील, कोण जाणे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याची स्वतःचीच डावी कूस दुखू लागली. वजन उतरलं. नागपूरला तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाच्या शेपटाला गाठ निघाली. कर्करोगच, पण सावकाश वाढणारा. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हे शेपूट पानथरीला टेकलेलं असतं आणि तिच्या रक्तवाहिन्या त्याला लागूनच जातात, म्हणून बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच काढतात. मी लगेच मान डोलावली. भाऊ चित्राकडे बघत राहिला.

"साहेब, पानथरी ठेवता आली तं ठेवा," तो म्हणाला. "मले वापस जंगलातच जायचं आहे. तिच्याबिना तिकडला ताप माणसाले झेपत नाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकेक रक्तवाहिनी सोडवत बसावं लागेल, वेळ जाईल, रक्तही जास्त जाऊ शकेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि पोट उघडल्यावर गाठ तिथवर पोचलेली दिसली तर पानथरी काढणारच, हेही सांगितलं. भाऊने ते मान्य केलं.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या नकळत डॉक्टरांकडे गेले. त्याचं ऐकू नका, सगळं काढून टाका, मला माझा भाऊ हवा आहे, असं म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पोट तुमच्या भावाचं आहे, निर्णयही त्यांचाच... मी खाली मान घालून परतले.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि वहिनी सकाळपासून बाकावर बसून होतो. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. गाठ पुरती निघाली होती आणि पानथरी जागेवर होती. वहिनीने हात जोडले.

टाके काढायच्या आदल्या दिवशी मी भाऊला सगळं कबूल केलं. तो चिडेल असं वाटलं होतं.

"तू गाठीले भ्याली, मी तापाले," तो म्हणाला. "याच्यात रडून काऊन राह्यली?"

दोन वर्षांनी तो ताप आलाच. छत्तीसगडच्या सीमेकडून परतला तो थंडीने कुडकुडतच. गडचिरोलीच्या दवाखान्यात तीन दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी पेज घेऊन गेले तेव्हा भाऊ स्वतःच्याच बरगडीखाली बोटं दाबत होता. माझा हात धरून त्याने तिथे ठेवला. आत काहीतरी घट्टसर लागलं. तापाने पानथरी वाढली होती. एरवी लेकरांच्या पोटात ती हाताला लागली की त्याचा चेहरा उतरायचा. त्या दिवशी मात्र तो समाधानाने म्हणाला, "पाह्य, काम करून राह्यली."

त्यानंतर तो निवृत्त झाला, मुलीचं लग्न केलं, नातू खांद्यावर घेऊन मार्कंड्याची जत्रा फिरला. दरवर्षी नागपूरला तपासणीला जायचा आणि दरवर्षी आम्ही श्वास रोखून बसायचो. गाठ परत आली नाही.

परवा त्याच्या खोलीत गेले. खिडकीची एक काच फुटली होती, आणि तिथे त्याने खिळे ठोकून नागपूरच्या स्कॅनची ती काळी फिल्म बसवली होती, पहिली, गाठ दिसणारी. एके काळी तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. काढून टाकू का, म्हणून वहिनीला विचारलं.

"राहू द्या बाई," ती म्हणाली, "दुपारचं ऊन अडवते."

मग त्या फिल्मच्या सावलीत आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो.