ढाळाच्या अंगणातली सरळ गाडी

एका पिकअप गाडीची उंची किती असावी, या प्रश्नावर आमच्या घरमालकांनी जेवढा विचार केला, तेवढा ती गाडी बनवणाऱ्या कारखान्यातल्या साहेबलोकांनीही केला नसेल. कारखानेवाल्यांनी एकदा काय ते ठरवलं आणि गाड्या विकायला काढल्या. घरमालकांनी मात्र ठरवलं, बदललं, शेजाऱ्याला विचारलं, त्याचं पटलं, मग पलीकडच्या शेजाऱ्याचंही पटलं, आणि शेवटी दोघांचंही पटतंय म्हणून डोकं धरून ओट्यावर बसले. मी तेव्हा कासार आंबोलीत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. लातूरकडून आलेला, संगणकाच्या कंपनीत चिकटलेला एकटा माणूस. संध्याकाळी दमून आलो की चहाच्याही आधी तो प्रश्न माझ्यापुढे यायचा. "साहेब, बसा. काय वाटतंय? उचलावी का ऱ्हाऊ द्यावी?"

गाडीचं सोडलं तर हा माणूस कुठे अडखळलेला मी पाहिला नाही. मूळचे ते गवंडी. पौड रस्त्याच्या आजूबाजूला पुण्याची मंडळी शनिवार-रविवारचे बंगले बांधू लागली, तशी हे स्वतःच कामं घेऊ लागले आणि वाळू-सिमेंट वाहायला जुनी पिकअप घेतली. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे ते रस्त्यावरूनच सांगत. तरीही गळ्यात पाण्याची नळी असायचीच. ही गवंड्यांची पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं आणि कुठली बाजू वर, कुठली खाली ते कळतं. लग्नाला निघाले तरी ती उपरण्याखाली असे. एकदा पंगतीत आमटी वाढल्यावर हे हात न लावता ताटाकडे बघत बसले. यजमान धावत आला, काही कमी पडलं का म्हणून. हे म्हणाले, "आमटी भिताडाकडं चाललीया. मांडवाची जमीन वाकडी हाय तुमच्या." नवरदेवाच्या काकांनी त्यानंतर जेवण होईपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाळलं. स्वतःच्या अंगणाचा मात्र त्यांना फार अभिमान. मुळशीचा पाऊस महिना महिना कोसळत राहतो, पण त्यांच्या अंगणातल्या सिमेंटच्या कोब्यावर पाण्याचा थेंब थांबलेला कुणी दाखवावा, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

गाडीचं घोडं मात्र मुलीपाशी अडलं होतं. एकुलती एक लेक मुळशी धरणाच्या पल्याड डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. जावई भला, घर भलं, पण रस्ता भला नव्हता. शेवटचा चढ म्हणजे नुसते खडक. मागच्या खेपेला त्यातल्या एका दगडानं गाडीच्या पोटाखालचं चेंबर फोडलं, सगळं ऑइल डोंगराला पाजलं आणि गाडी दोरीनं ओढत आणावी लागली. आता लेकीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सातव्या महिन्यात तिला घरी आणायचं. त्या चढावरून तिनं पोट सांभाळत पायी उतरायचं, हे काही घरमालकांच्या मनाला पटेना. गाडी तिच्या दारापर्यंत गेलीच पाहिजे. म्हणजे गाडी उचलायला हवी. इथवर सगळं सोपं होतं.

"पर साहेब," ते मला म्हणाले, "उचलली तर अवघडलेली पोरगी चढंल कशी? आन न्हाई उचलली तर गाडी पोरीपर्यंत जाईल कशी?" मी म्हटलं, मधली उंची धरा. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की मला वाटलं, सुटला प्रश्न. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मधली म्हंजी कशाच्या मधली?"

मी संगणकवाला, म्हणून मला यातलं कळत असणार, असा त्यांचा समज होता. मीही ऑफिसात इंटरनेटवर शोधून काही पानं छापून आणली. परदेशात गाडी उचलायचे तयार संच मिळतात. एक चारही बाजूंनी उचलण्याचा, दुसरा फक्त पुढचं नाक वर करून गाडी सरळ करण्याचा. मी समजावून सांगितलं, आणि समजावता समजावता माझंच समजणं कमी होत गेलं. घरमालक मात्र चित्रं बघण्यात रंगले. पुरुषभर उंचीची चाकं असलेल्या एका गाडीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्येच्यात चढाया शिडी बी देत्यात का?" मग बराच वेळ पानं उलटीसुलटी करून त्यांनी निकाल दिला, "एक उचलायचं, एक सारकं करायचं. आपल्याला दोनी पायजे, आन दोनी नकोत." ती पानं पुढे मावशींनी, म्हणजे घरमालकांच्या बायकोनं, फडताळात डब्यांखाली घातली.

पिरंगुटचा गाडीमिस्त्री म्हणाला, संच-बिंच काही नको. गाडी स्प्रिंगच्या ज्या पाट्यांवर बसते, त्यांत पुढं एकेक पाटा वाढवू, मागं लोखंडी ठोकळे घालू, झालं काम. घरमालक खूश झाले. तेवढ्यात त्या भल्या माणसानं सहज विचारलं, "मालक, गाडी रिकामी सरळ पायजे का भरलेली?" कारण पिकअप रिकामी असली की शेपटाकडून वर असते, माल भरला की मागून बसते. हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. घरमालक त्या दिवसापासून ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोचं ढुंगण बघू लागले. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "जाताना रिकामी. येताना पोरगी. पोरगी म्हंजी भरलेली धरायची का रिकामी?" मावशी म्हणायच्या, "आवं, पोरगी हाय ती, शिमिटाची गोणी न्हाई." तरी ते मला एकांतात विचारून गेले, की विहीणबाई सोबत तांदळाचं पोतं देतील, ते धरायचं का. मी म्हटलं, धरा. मग मला झोप लागेना, की उगाच धरा म्हटलं का.

सातवा महिना लागला आणि ठरवणं भाग पडलं. पोत्याचं काही जमेना, तेव्हा रिकामीच सरळ करायची ठरली. काम मात्र गॅरेजात करायला घरमालक तयार होईनात, कारण गॅरेजची जमीन त्यांना पहिल्या दिवसापासून वाकडी दिसत होती. मिस्त्री जॅक घेऊन घरी आला. गाडी घराकडे तोंड करून अंगणात उभी केली आणि पुढं एकेक पाटा वाढवून झाला. मग नळीचं एक टोक पुढच्या चाकाच्या वर मी धरलं, दुसरं मागच्या चाकाच्या वर घरमालकांनी. "मागं आजून एक बोट," "आजून," "आजून आर्ध" असं करत करत त्यांनी मागं ठोकळ्यावर ठोकळा चढवायला लावला. मिस्त्री दोनदा म्हणाला, "मालक, लई व्हतंय." घरमालकांनी त्याला नळी दाखवली. पाणी पातळीत आलं, तेव्हा त्यांचा चेहरा घराचा स्लॅब भरून झाल्यासारखा उजळला. मला म्हणाले, "बगा साहेब, पानी खोटं बोलत न्हाई."

मग ते गाडी रस्त्यावर फिरवायला घेऊन गेले आणि आम्ही सगळे फाटकाशी आलो. गाडी नाक खाली घालून आणि शेपूट आभाळात काढून चालली होती. परत आले, अंगणात लावली, तर सरळ. पुन्हा रस्त्यावर नेली, तर ओणवी. मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मी अभियांत्रिकीची पदवी असलेला माणूस, मीही दोनदा रस्त्यावर आणि दोनदा अंगणात गेलो आणि दरवेळी चक्रावून परत आलो. मावशींनी तेवढ्यात गाडी पुसायला आणलेली बादली कोब्यावर रिती केली. पाणी घरापासून निघालं, गाडीखालून गेलं आणि सरळ फाटकाबाहेर पडलं. त्या म्हणाल्या, "आवं, अंगणाला ढाळ तुमीच दिलाय न्हवं?"

घरमालक त्या पाण्याकडे बघत राहिले. पाऊस घरात शिरू नये म्हणून स्वतःच्या हातानं दिलेला तो उतार, आणि त्याच उतारावर त्यांनी गाडी सरळ केली होती. दुसऱ्यांच्या मांडवातली आमटी बघणाऱ्या माणसाला स्वतःचं अंगण दिसलं नव्हतं. मला हसू आलं, ते त्यांचा चेहरा बघून मी आवरलं. उद्या सकाळी लेकीला आणायला निघायचं होतं. पुन्हा खोलायला वेळ नव्हता.

तशाच ओणव्या गाडीतून आम्ही निघालो. ते दोघं पुढं आणि मी मागं हौद्यात, दांडी धरून. शेवटचा चढ आला आणि गंमत बघा, चढावर गाडी सरळ झाली. चेंबर फोडणारा तो दगड आला, तेव्हा घरमालकांनी गाडी इतकी हळू घेतली, की मला त्यांचं पुटपुटणं मागं ऐकू येत होतं. दगड पोटाखालून गेला. गाडी लेकीच्या दारात उभी राहिली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

पण पायदान होतं लेकीच्या मांडीपर्यंत. घरमालक एकदा गाडीकडे, एकदा लेकीच्या पोटाकडे बघू लागले आणि मी ओळखलं, आता पुन्हा सुरू होणार. मावशींनी होऊ दिलं नाही. "आख्ख्या गावाच्या पायऱ्या बांदल्या न्हवं? मग हितं एक बांदा की!" घरमालकांनी बाह्या वर सारल्या. मग बांधाचे दगड आणून तिथल्या तिथे पायरी रचायला बसले. त्यांचा हात चालू झाला आणि सगळा गोंधळ अंगावरून गळून पडला. फक्त शेवटी गळ्यातली नळी काढून पायरीला लावू लागले, तेव्हा लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, बसू का आता, का हितंच बाळंत हू?" ती चढली, बसली आणि घरी आली. मुलगी झाली. घरमालकांनी तशीच एक पायरी आपल्या अंगणातही बांधली.

पुढे मी सूसला फ्लॅट घेतला. धरणापलीकडच्या त्या चढावर डांबर पडलं. जावयाला उरवड्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती तिघं आता मोटारसायकलवरून येतात. परवा मी गेलो, तर अंगणातल्या पायरीला ताजा चुना होता आणि नात तिच्यावर बसून बोरं खात होती. मी म्हटलं, "मालक, आता ठोकळे काढून टाका की. रस्त्यावर लोक हसतात."

मला वाटलं, आता ते डोकं धरतील, माझं पटेल, मग शेजाऱ्याचं पटेल. पण ते लगेच म्हणाले, "न्हाई." इतकं झटपट उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "पोरगी त्या उंचीवर बसून आली," ते म्हणाले. "आन घरी तर सरळ हाय की गाडी."

मी वळून पाहिलं. अंगणात गाडी खरंच सरळ उभी होती.